रूळ सोबत घेऊन चालणारी गाडी

सोलापूर जिल्ह्यातली खोल काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि परतीच्या पावसात लोण्यासारखी होते. अशा वेळी रानातून भरली बैलगाडी बाहेर काढायची म्हणजे काय, हे मंगळवेढ्याच्या किंवा बार्शीच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. लोखंडी धाव असलेले चाक आसापर्यंत रुतते. बैल गुडघे टेकतात, पण गाडी हलत नाही. बैलगाडीचे वजन भरून टन-दीड टन. आता ३६ टन वजनाचा रणगाडा याच रानात घातला तर? अंदाज असा की तो विहिरीत पडल्यासारखा आत जाईल. प्रत्यक्षात बरेचदा तो चालत जातो.

याचे उत्तर आठवी-नववीच्या पुस्तकातच आहे. दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. आपल्या सैन्याने अनेक वर्षे वापरलेल्या टी-५५ या सोव्हिएत बनावटीच्या रणगाड्याचा पट्टा ५८ सें.मी. रुंद असतो आणि त्याची सुमारे ३८४ सें.मी. लांबी जमिनीला टेकलेली असते. पट्टे दोन. म्हणजे टेकलेले क्षेत्रफळ झाले सुमारे ४४,५०० चौ.सें.मी. त्यावर ३६,००० किलो वजन वाटले गेले, की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ०.८ किलोच्या आसपास भार येतो. आता साठ किलो वजनाचा माणूस घ्या. चालताना एका क्षणी त्याचा एकच पाय जमिनीवर असतो. तळव्याचे टेकलेले क्षेत्रफळ दीडशे चौ.सें.मी. धरले तर भार येतो ०.४ किलो. म्हणजे रणगाडा जमिनीवर जो दाब देतो तो आपल्या पावलाच्या केवळ दुप्पट! विद्यार्थ्यांना चौकटीच्या कागदावर स्वतःच्या पावलाचा ठसा काढायला सांगून हे गणित वर्गात करून घ्यावे. सायकलच्या टायरमधल्या हवेचा दाब याच्या कितीतरी पट असतो, हेही लगेच लक्षात आणून देता येते.

वजन वाटून देण्याची युक्ती

ही युक्ती सोलापूर जिल्ह्याला नवी नाही. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत जी लहान गाडी सुरू झाली, ती 'बार्शी लाइट रेल्वे' एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखली होती. रुळांची रुंदी अवघी अडीच फूट. पण त्याची खरी कल्पना रुंदीपेक्षा वजनाच्या वाटपात होती. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये आणि प्रत्येक आसावर शक्यतो सारखाच भार यावा, असा नियम त्याने घालून घेतला. त्यामुळे एका यार्डाला ३० पौंड इतके हलके रूळ पुरले आणि रेल्वे स्वस्तात झाली. १८९६ साली इंग्लंडमध्ये लीड्सजवळ या गाडीच्या डब्यांची चाचणी घेतली गेली तेव्हा सैन्याला ही रेल्वे कशी उपयोगी पडेल, याचाही विचार झाला होता.

पण रेल्वेची एक अडचण कायमच असते. रूळ असतील तिथेच ती जाते. मग गाडीनेच आपले रूळ बरोबर नेले, पुढे अंथरले आणि मागून उचलून घेतले तर? ही कल्पना बार्शी लाइटच्याही सव्वाशे वर्षे आधीची आहे. रिचर्ड लव्हेल एजवर्थ या गृहस्थाने १७७० साली गाडीबरोबर चालणाऱ्या कृत्रिम रस्त्याचे पेटंट घेतले. पुढे त्यातून चालणारे यंत्र काही झाले नाही, कारण तेवढी ताकद देणारे इंजिन आणि तेवढे चिवट पोलाद त्या काळी नव्हते. शिक्षकांना या माणसाची आणखी एक ओळख करून द्यायला हवी. हाच एजवर्थ आणि त्याची मुलगी मराया यांनी १७९८ साली 'प्रॅक्टिकल एज्युकेशन' हा ग्रंथ लिहिला. मुलांना वस्तू हाताळू द्याव्यात, उघडून पाहू द्याव्यात, असे सांगणाऱ्या सुरुवातीच्या ग्रंथांपैकी तो एक आहे.

एजवर्थच्या कल्पनेतली एक गंमत मुलांना विचारून पाहावी. रणगाडा ताशी २० किलोमीटर वेगाने चालला आहे. त्याच्या पट्ट्याचा जमिनीला टेकलेला भाग किती वेगाने चालला आहे? बहुतेक मुले '२०' म्हणतात. खरे उत्तर 'शून्य' आहे. टेकलेला दुवा जमिनीवर स्थिर असतो आणि गाडी त्याच्यावरून पुढे जाते, जशी आगगाडी रुळावरून जाते. पट्ट्याचा वरचा भाग मात्र ताशी ४० किलोमीटरने पुढे धावत असतो.

शेतातून रणांगणाकडे

पट्ट्याची गाडी व्यवहारात आणली ती युद्धाने नव्हे, शेतीने. कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनजवळची नदीमुखाची जमीन इतकी भुसभुशीत होती की वाफेवर चालणारे अवजड ट्रॅक्टर तिच्यात रुतून बसत. बेंजामिन होल्ट याने आधी चाके रुंद करून पाहिली. शेवटी चाके काढून त्याने लाकडी फळ्यांचा साखळीपट्टा बसवला आणि नोव्हेंबर १९०४ मध्ये तो चालवून दाखवला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हॉर्न्सबी कंपनीच्या डेव्हिड रॉबर्ट्सने साखळीपट्ट्याचे पेटंट घेतले. त्याची यंत्रे ब्रिटिश सैन्याने चाचणीसाठी पाहिली, पण फारसा उत्साह दाखवला नाही.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. खंदक, काटेरी तारा आणि मशिनगन यांपुढे पायदळ हतबल झाले, तेव्हा या विसरलेल्या यंत्राची आठवण झाली. १९१५ साली लिंकन गावच्या विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन यांनी शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यातच पहिला नमुना तयार केला. त्यांची मुख्य डोकेदुखी होती पट्टा. विकत आणलेले पट्टे सैल पडून निसटत. सप्टेंबर १९१५ मध्ये ट्रिटनने पत्रा ठोकून घडवलेल्या दुव्यांचा नवा पट्टा बसवला आणि काम मार्गी लागले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत रणगाडे प्रथम उतरले. तयार ठेवलेल्या ४९ पैकी बरेच वाटेतच बिघडले आणि चढाईच्या रेषेपर्यंतही पोहोचले नाहीत.

गुप्तता राखण्यासाठी या यंत्राला 'टँक', म्हणजे पाण्याची टाकी म्हणत. कामगारांना सांगितले होते, की मेसोपोटेमियाच्या वाळवंटासाठी पाणी वाहून नेणाऱ्या गाड्या बनत आहेत. 'टँक' हा शब्द इंग्रजीत आला कुठून? कोशकार एकीकडे पोर्तुगीज शब्दाकडे बोट दाखवतात आणि दुसरीकडे गुजराती-मराठीतल्या 'टांकें', 'टाके' या शब्दांकडे. शिवनेरीवर कातळात खोदलेली गंगा-जमुना टाकी आपण पाहतो, त्याच शब्दाचा हा दूरचा नातेवाईक असावा. आपण मात्र त्याला 'रणगाडा' म्हणून आपला शब्द दिला. त्यात गाड्याची आठवण आहे, हे बरेच झाले.

पट्टा असला म्हणजे चिखलावर मात झाली, असेही नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत शिरले आणि अडकले. बाजूला दबा धरून बसलेल्या आपल्या सैन्याने त्यांना टिपले. शंभराच्या आसपास रणगाडे तिथे नष्ट झाले किंवा हाती लागले. दाबाच्या गणितात जमिनीची सोसण्याची ताकदही धरावी लागते. ती पाण्याने झपाट्याने कमी होते, हा काळ्या रानाचाच धडा.

यंत्र परत शेतात

युद्ध संपल्यावर पट्ट्याची यंत्रे कुठे जातात? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने भारतात सोडलेल्या सामानात पट्ट्यावरचे ट्रॅक्टर होते. ते दुरुस्त करून १९४७ च्या सुमारास केंद्र सरकारने 'सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन' उभी केली. मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत 'कांस' नावाच्या खोल मुळांच्या गवताने लाखो एकर पडीक पाडले होते. बैलांच्या नांगराला ते दाद देत नसे. आपल्याकडे हरळी आणि कुंदा काढताना जो घाम निघतो, तोच हा प्रकार. सैन्यातून आलेल्या यंत्रांना अवजड नांगर जोडून हे काम सुरू झाले. ते इतके महत्त्वाचे ठरले, की १९४९ साली जागतिक बँकेने भारताला दिलेल्या पहिल्या दोन कर्जांपैकी एक, एक कोटी डॉलरचे, अशाच यंत्रांसाठी होते.

म्हणजे लष्करी पट्टेवाहनाचे 'पुनरुज्जीवन' आपल्या देशात प्रथम झाले ते हौस म्हणून नाही, तर धान्याची टंचाई होती म्हणून. ज्या मिस्त्रींनी सुट्या भागांशिवाय, माहितीपुस्तकाशिवाय ती यंत्रे चालती केली, त्यांची नावे आज फारशी कुठे सापडत नाहीत.

नगरचे संग्रहालय

सोलापूरहून टेंभुर्णी-करमाळ्यामार्गे अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला गेले, की सैन्याच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचे रणगाडा संग्रहालय पाहता येते. ते फेब्रुवारी १९९४ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते सुरू झाले. रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, ब्रिटिश मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल आणि सेंचुरियन, जपानी हा-गो, अमेरिकी स्टुअर्ट, १९६५ च्या युद्धातला पॅटन आणि मद्रासजवळ आवडीच्या कारखान्यात घडलेला आपला विजयंता, अशी पन्नासेक वाहने तिथे आहेत. शाळेच्या सहलीला किल्ला आणि देऊळ असतेच. त्यात एक दिवस याचाही घालावा असे आम्हाला वाटते.

तिथे मुलांना तोफ आधी दिसते. आम्ही सुचवू, की नजर खाली न्यावी, पट्ट्याकडे. काही पट्टे नुसत्या पोलादाचे आहेत, काहींना रबराच्या गाद्या आहेत. काहींत दुव्यांच्या पिना उघड्या आहेत, काहींत रबरी अस्तरात बसवलेल्या आहेत. या फरकांतच वीस-तीस वर्षांचा धातुविज्ञानाचा इतिहास वाचता येतो.

पट्ट्याची झीज हा या साऱ्याचा गाभा आहे. टी-५५ च्या एका पट्ट्यात सुमारे ९० दुवे असतात आणि दोन पिनांमधले अंतर १३७ मि.मी. असते. प्रत्येक सांध्यात पीन आणि भोक मिळून केवळ दीड मि.मी. झिजले, तर पट्टा ९० × १.५ म्हणजे १३५ मि.मी.ने लांबतो. म्हणजे जवळजवळ एक पूर्ण दुवा जास्तीचा होतो! तो काढला नाही तर पट्टा सैल पडून चाकावरून उतरतो. झीज कमी करायची तर पोलाद असे हवे, की जे ठोके खाऊन आणखी कठीण होईल. ते सापडले शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफील्डला, १८८२ साली. बारा-तेरा टक्के मँगनीज असलेले त्याचे पोलाद रेल्वेच्या सांध्यांत, दगड फोडण्याच्या यंत्रांत आणि सोव्हिएत रणगाड्यांच्या पट्ट्यांत वापरले गेले. या पोलादाला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. जिथे हात लावायची मुभा आहे अशा ठिकाणी चुंबक घेऊन जावे. चिलखताला तो घट्ट बसतो आणि पट्ट्यावरून निसटतो, असे दिसले तर तो पट्टा हॅडफील्डच्या पोलादाचा, हे मुले स्वतःच ओळखतील.

जुने यंत्र जिवंत करताना

जगात अनेक ठिकाणी हौशी मंडळी एकत्र येऊन अशी वाहने पुन्हा चालती करतात. एकाकडे लेथ असते, दुसऱ्याला वेल्डिंग येते, तिसरा जुनी माहितीपुस्तके जमवतो, चौथ्याचे वडील त्याच वाहनावर सैन्यात चालक असतात. या कामात जे प्रश्न येतात ते शाळेतल्या रसायनशास्त्राचेच आहेत.

पहिला शत्रू गंज. लहान भागांचा गंज विजेने काढता येतो. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात लिटरला एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवायचा. गंजलेली वस्तू १२ व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडायचा. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. काही तासांत गंज सुटा होतो. हायड्रोजन निघतो म्हणून हे उघड्या हवेतच करावे आणि स्टेनलेस स्टीलचा तुकडा कधीही वापरू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. गेलेले लोखंड मात्र परत येत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. कठीण केलेल्या पोलादी पिनांना ही रीत चालत नाही, कारण हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करतो.

दुसरा धोका दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या वाहनांच्या घड्याळी तबकड्यांवर अंधारात दिसावे म्हणून रेडियम मिसळलेला रंग दिलेला असे. त्यातला चमकणारा पदार्थ काही वर्षांत निकामी होतो, म्हणून तबकडी आज चमकत नाही. पण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे आहे. चमक गेली म्हणजे किरणोत्सार गेला, असे नव्हे. अशी तबकडी उघडू नये, खरवडू नये. ब्रेकच्या अस्तरात आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असते, त्याचीही धूळ उडू देऊ नये. हौस आणि बेफिकिरी यांची गाठ इथे पडता कामा नये.

चालवायचे की जपायचे?

यापुढचा प्रश्न विज्ञानाचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे. तीन उदाहरणे घेऊ.

जर्मन टायगर रणगाडा क्रमांक १३१ एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागला. इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयाने १९९० पासून तो चालता करायला घेतला. त्याचे मूळ इंजिन गेलेले असल्याने दुसऱ्या रणगाड्यातले त्याच घराण्याचे इंजिन बसवले गेले. २००३ साली तो पुन्हा प्रदर्शनात आला आणि पुढे चालवूनही दाखवला जाऊ लागला. तो नेमका कुठे आणि कधी हाती लागला याची संग्रहालयाने अनेक वर्षे सांगितलेली हकीकतही नंतर दुरुस्त झाली. त्याला एका सैनिकाच्या मुलाने सांगितलेली वडिलांची आठवण कारणीभूत ठरली.

दुसरे उदाहरण नेमके उलटे आहे. २० नोव्हेंबर १९१७ रोजी फ्रान्समध्ये काँब्रेच्या लढाईत 'डेबोरा' नावाचा ब्रिटिश रणगाडा तोफेच्या माऱ्याने फुटला आणि नंतर पुरला गेला. एका स्थानिक हौशी इतिहास अभ्यासकाने वर्षानुवर्षे चौकशी केली. गावातल्या एका वृद्ध बाईची लहानपणची आठवण त्याच्या कामी आली आणि १९९८ साली रणगाडा जमिनीतून बाहेर निघाला. त्याची भगदाडे बुजवली नाहीत, रंग दिला नाही. २०१७ पासून तो फ्लेस्कियेर गावच्या संग्रहालयात आहे, आणि त्यात मेलेल्या पाच जणांच्या कबरी शेजारच्या दफनभूमीत आहेत. तो चालता केला असता तर नेमके जे सांगायचे तेच पुसले गेले असते.

तिसरा आहे फ्रेंच रेनो एफ.टी. काबूलमध्ये सापडलेल्या या जातीच्या रणगाड्यांपैकी एक २०१२ साली पोलंडला देण्यात आला. १९२० च्या युद्धात तो पोलंडकडून सोव्हिएत सैन्याने घेतला आणि पुढे अफगाणिस्तानला दिला, असे मानतात. पोलंडने तो आपला इतिहास म्हणून नीट केला. एकाच लोखंडात तीन देशांच्या आठवणी होत्या. त्यांतली कोणती रंगवायची, हे ठरवावेच लागते.

आम्हाला वाटते, यंत्राला हात लावण्याआधी त्याचे पूर्ण टिपण करावे, बदललेला प्रत्येक भाग नोंदवून जुना भाग जपून ठेवावा आणि जिथे जखम हाच पुरावा आहे तिथे ती तशीच राहू द्यावी. बाकी ठिकाणी यंत्र चालते करण्यात मोठा लाभ आहे. चालत्या यंत्राबरोबर ते चालवण्याचे ज्ञानही टिकते. पीन कशी ठोकावी, ताण किती ठेवावा, आवाजावरून काय ओळखावे, हे कागदावर उतरत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि मधली एक पिढी चुकली की संपते.

महाराष्ट्रात आणि देशात कितीतरी चौकांत आणि महाविद्यालयांच्या आवारांत निवृत्त रणगाडे उभे आहेत. वर्षाला एक रंगाचा हात बसतो, आत मात्र पाणी साचते. सोलापुरात तर याहून जवळचे नुकसान झाले. १८७७ साली सुरू झालेली 'जुनी गिरणी' गेली, बार्शी लाइटची रुंद रुळांत बदल होऊन जुनी गाडी थांबली, आणि त्या यंत्रांवर काम केलेली माणसे एकेक करून जात आहेत. रणगाडा मिळवणे शाळेच्या हातात नाही. पण गावातले बंद पडलेले ऑइल इंजिन, जुना हातमाग, उसाचा चरक, किंवा बांधबंदिस्तीच्या कामावरचा भंगारातला बुलडोझर सापडू शकतो. ते चालवलेला माणूसही सापडतो. त्याला शाळेत बोलवावे. मुलांनी मोजमापे घ्यावीत, आकृती काढावी, कुठला भाग का झिजला ते विचारावे आणि वहीत त्या माणसाचे नाव तारखेसह लिहावे. सेंट्रल ट्रॅक्टरच्या मिस्त्रींच्या बाबतीत हे करायचे राहून गेले.